वेदना, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश : वऱ्हाडातील ग्रामीण आरोग्याच्या संदर्भात मेंदूतील परिपथांचा विचार

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारा रुग्ण 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. कंबर ठणकते, डोस्कं दुखते, अंगात जीव नाही, झोप लागत नाही, अशीच त्याची भाषा असते. निंदण, कपाशीची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामे वाकूनच करावी लागत असल्याने या तक्रारींचे कारण शारीरिक श्रमांतच शोधले जाते व एखादे इंजेक्शन किंवा सलाईन देऊन प्रश्न मिटवला जातो. श्रमाचे कारण खोटे नसते. मात्र ते अनेकदा अपुरे असते.

वेदना म्हणजे इजा झालेल्या भागाकडून मेंदूकडे जाणारा सरळ निरोप, ही कल्पना 1965 साली मेल्झॅक व वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांताने मोडीत काढली. मज्जारज्जूतच हा निरोप कमीअधिक केला जातो आणि त्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गांचे नियंत्रण असते, असे त्याचे सार होते. या उतरत्या मार्गांत सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन ही रसायने कार्य करतात. मनःस्थितीच्या नियमनातही त्यांचाच सहभाग असतो. नैराश्यावरील काही औषधे चेतातंतूंच्या जुनाट दुखण्यावरही उपयोगी पडतात, त्याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी येथे मिळते.

मेंदूत वेदनेचे एकच असे केंद्र नाही. दुखते कोठे व किती, हे संवेदी बाह्यकात ठरते. ते दुखणे किती असह्य वाटावे, याचा संबंध अग्र सिंग्युलेट बाह्यक व इन्सुला या भागांशी आहे. 1997 साली रेनव्हिल व सहकाऱ्यांनी संमोहनाद्वारे केवळ 'असह्यपणा' कमीअधिक केला, तेव्हा सिंग्युलेट भागातील हालचाल त्यानुसार बदलली. याहून उद्बोधक निष्कर्ष 2012 मधील आहे. नुकत्याच कंबरदुखी सुरू झालेल्या रुग्णांचा बलिकी, अपकारियन व सहकाऱ्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. प्रीफ्रंटल बाह्यकाचा मध्य भाग आणि प्रेरणा व बक्षिसाशी निगडित न्यूक्लिअस अक्युम्बेन्स यांच्यातील जोडणी ज्यांच्यात अधिक घट्ट होती, त्यांचेच दुखणे टिकून राहण्याचा संभव अधिक आढळला. दुखणे जुनाट होण्यात भावना व प्रेरणा यांच्या परिपथांचा वाटा आहे, हे यावरून दिसते. अर्थात, याचा अर्थ 'दुखणे मनाचे आहे, खरे नाही' असा काढणे हा रुग्णावर अन्याय ठरेल.

वऱ्हाडाच्या दृष्टीने 'विश्राम' हा उपक्रम या संदर्भात महत्त्वाचा आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी त्यात उभी करण्यात आली. 2017 साली 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण 14.6 वरून 11.3 टक्क्यांवर, तर वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. या घटीचे सर्व श्रेय उपक्रमालाच देणे घाईचे ठरेल, कारण पाऊस, पीक आणि भाव यांचा हिशेब अशा दोन पाहण्यांच्या मध्ये नेहमीच उभा असतो. परंतु गावातील माणसाला थोडे प्रशिक्षण मिळाले तर रुग्ण उपचारापर्यंत पोहोचतो, एवढे निश्चित. 2015 मध्ये राज्य शासनाने अमरावती विभागासह 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, तोही शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच होता.

नैराश्याचा धागा पुढे वार्धक्यापर्यंत जातो. दीर्घकालीन ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसवर त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो. लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखीम घटकांत नैराश्याचा समावेश केला आहे. अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, एकाकीपणा हेही त्याच यादीत आहेत. तथापि उतारवयातील नैराश्य हे काहींच्या बाबतीत स्मृतिभ्रंशाचे कारण नसून त्याचे पहिले लक्षण असते. भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मधील अंदाज आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची वेदना संपत नाही, ती सांगण्याची भाषा संपते. नॉर्वेतील 18 वृद्धनिवासांतील 352 रुग्णांवरील 2011 च्या अभ्यासात, पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वेदनेवर उपचार केले असता आठ आठवड्यांत चिडचिड व अस्वस्थता सुमारे 17 टक्क्यांनी कमी झाली. वऱ्हाडातील घरांत अशा व्यक्तीची देखभाल प्रायः सून किंवा मुलगी करते. कूस बदलताना चेहरा आक्रसणे, एकच गुडघा सतत धरून बसणे, आंघोळीला अचानक विरोध करणे, या खुणा डॉक्टरांच्या आधी तिलाच दिसतात. तपासणीच्या वेळी त्या तिला विचारल्या मात्र क्वचितच जातात.