जुनी तसबीर भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या कॅम्प ४ मध्ये जुन्या तसबिरी भंगारात जातात. त्यात एखादी पुण्याच्या चित्रशाळेची असू शकते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसोबत १८७८ साली हा छापखाना काढला. राज्य इंग्रजांचे होते. तरी शिवाजी महाराज, नाना फडणीस यांची रंगीत चित्रे इथे छापली गेली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही भिंतीवर आपला इतिहास दिसू लागला.

ही शिळाछापाची चित्रे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी राहते, म्हणून छपाईची शाई फक्त चित्राला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

ओळखायचे कसे? भिंगातून पाहा. आजच्या छपाईत ठिपके ओळीने असतात, शिळाछापात वेडेवाकडे. खालच्या कडेला छापखान्याचे नावही शोधा.

आमच्या बचत गटात आम्ही एवढे सांगतो: चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, ऊन आणि ओल आलेली भिंत टाळा. आणि किलोवर विकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ही तसबीर कुठून आली?