पेज सोडली, गोळीचे काय?

मालवणच्या किनारपट्टीवर सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि पुढे भात व माशांची आमटी हा नेहमीचा आहार. वजन घटवण्यासाठी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात बरीच लोकप्रिय झाली आहे.

समजा, मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने अशी सकाळची पेज सोडली, तर काय होईल? ते औषधावर अवलंबून आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात पेज गेली की नाही, हे ते पाहत नाही. टोचलेल्या इन्सुलिनचेही तसेच. १०० मिलिलिटर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की घाम येतो, हातपाय थरथरतात. आणखी उतरल्यास शुद्धही हरपते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी.

मग आहार बदलूच नये का? तसे नाही. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत (२०१७) रोज सुमारे ८५० किलोकॅलरींवर काही महिने राहिलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या गटातील ४६ टक्के जणांचा टाइप-२ मधुमेह वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात होता. मात्र तेथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, देखरेखीखाली थांबवल्या होत्या.

गोळीची मात्रा आपल्या रोजच्या ताटाला जुळवलेली असते. म्हणून आम्हाला वाटते, की ताट बदलण्याआधी गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.