बॅकअप अडतो कुठे?

नेटवर्क ड्राइव्हवरचा बॅकअप बंद पडला की घरात पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो. डिस्क बहुधा निर्दोष असते. लॅपटॉपमधला फोटो हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या डब्यात, म्हणजे नॅसमध्ये, पोचायचा तर वायफाय, राउटर, डब्याचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड आणि दोन्ही यंत्रांना कळणारी एक भाषा, एवढं सगळं जुळावं लागतं. यूएसबीने जोडलेल्या डिस्कला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून तपास वाटेपासून सुरू करावा.

पहिली चाचणी अगदी साधी. बॅकअपचा प्रोग्रॅम बाजूला ठेवायचा, ड्राइव्हचं फोल्डर उघडायचं आणि एखादी फाइल हाताने कॉपी करून पाहायची. गेली, तर वाट ठीक आहे आणि दोष प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आहे. नाही गेली, तर प्रोग्रॅम दहा वेळा काढून घातला तरी उपयोग शून्य. पण आधी नेमकं तेच केलं जातं.

ड्राइव्ह नावाने सापडत नसेल तर त्याच्या आयपी पत्त्याने उघडून पाहावा. हे पत्ते राउटर वाटतो आणि ते कायमचे नसतात. वीज जाऊन आली, राउटर आणि नॅस दोन्ही नव्याने सुरू झाले, की डब्याला दुसरा पत्ता मिळू शकतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. मग विंडोज ०x८००७००३५ असा आकडा दाखवतं, म्हणजे नेटवर्कवरची वाट सापडली नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये नॅससाठी एक पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न संपतो. आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो: फायबरवाल्याने बसवलेला राउटर असतोच, त्यात घरातला दुसरा जोडला जातो आणि नकळत दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. लॅपटॉप एकात, नॅस दुसऱ्यात. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरूनही नॅस सहसा दिसत नाही, कारण ते वायफाय घरातल्या इतर यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

आता भाषेचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच आहे. विंडोज नेटवर्कवरच्या फायलींसाठी एसएमबी नावाचे संकेत वापरतं. त्यांचा जन्म १९८०च्या दशकात आयबीएममधला. १९९१-९२मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी हीच भाषा विंडोजबाहेरच्या संगणकांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून सांबा हा मोफत प्रोग्रॅम घडला आणि घरगुती नॅसमध्ये बहुधा तोच चालतो. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंही त्यात सापडली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १०मध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच नसते किंवा वापरात नसेल तर आपोआप निघून जाते. फक्त तीच भाषा येणारे जुने नॅस आणि राउटरच्या यूएसबी तोंडाला लावलेल्या डिस्क नव्या लॅपटॉपला एकाएकी दिसेनाशा झाल्या. ‘पहिली आवृत्ती परत चालू करा’ असा सल्ला देणारे तेव्हाही होते, अजूनही आहेत. तो ऐकू नये. नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करून दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडावी. ती मिळतच नसेल तर डबा निवृत्त करावा.

२०२४मधल्या विंडोज ११च्या २४एच२ अद्यतनानंतर प्रो आवृत्तीच्या लॅपटॉपनी बिनपासवर्डाच्या फोल्डरांनाही नकार दिला. इलाज सोपा: नॅसवर बॅकअपसाठी वेगळं नाव आणि पासवर्ड तयार करायचा. इथे लोक हटकून लॅपटॉप उघडण्याचा चार आकडी पिन टाकतात. नॅसला त्या पिनची काही ओळख नसते. विंडोजने क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपलेली जुनी ओळखही पुसायला हवी, कारण एकाच नॅसकडे एका वेळी दोन नावांनी जाणं त्याला जमत नाही. आणि नॅसच्या फोल्डरला दिलेला ‘झेड’ ड्राइव्ह रोज डोळ्यांसमोर दिसतो म्हणून रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही तो दिसेल, असं नाही. त्याला दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यावा.

मॅकवाल्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडचं २००७पासूनचं बॅकअपचं साधन, टाइम मशीन, नेटवर्कवर सगळा बॅकअप एका मोठ्या डिस्क-प्रतिमेत भरतं. लिहिणं चालू असताना वायफाय वारंवार तुटलं तर ती प्रतिमा बिघडू शकते आणि मग सगळा बॅकअप नव्याने करावा लागेल असा निरोप येतो. पहिला बॅकअप केबल लावूनच करावा. टाइम मशीन मिळेल तेवढी जागा व्यापतं, त्यामुळे नॅसवर त्याला मर्यादाही घालावी.

केबल लावूनही वेग मिळत नसेल तर केबलकडेच बघा. आत आठ तारा असतात. एखादी तुटली तरी जोडणी चालू राहू शकते, फक्त गिगाबिटवरून गुपचूप शंभर मेगाबिटवर उतरते. त्या वेगाने एक टेराबाइट जायला, काहीही अडथळा आला नाही तरी, बावीस तास लागतात. लॅपटॉप त्याआधीच झोपी जातो.

काही बॅकअप बाकी सगळं नेतात आणि नेमक्या मोजक्याच फायली टाकून येतात. एफएटी३२ पद्धतीच्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचा व्हिडिओ मागे राहतो. दुसरं कारण मराठी माणसाच्या खास वाट्याला येतं. नॅसच्या आत बहुधा लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘कार्यक्रम’ हा चार अक्षरी शब्द सत्तावीस बाइट खातो. विंडोज बाइट मोजत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर तक्रार नसते. काही कूटबद्ध फोल्डरांत तर मर्यादा १४३ बाइटचीच, म्हणजे सत्तेचाळीस देवनागरी चिन्हं. ‘आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमाचं संपूर्ण चित्रीकरण’ हे नाव १६६ बाइटचं. ती फाइल तिथे जाणारच नाही. मराठी नावं सोडायची गरज नाही, आटोपशीर ठेवली तरी पुरे.

निदान हे बिघाड काहीतरी बोलतात. न बोलणारे जास्त घातक. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा लक्षात आलं की नेहमीचा बॅकअप आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याची सूचना देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून निभावलं. घरी तर कुणी पहारेकरीही नसतो. तेव्हा अधूनमधून एखादी जुनी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडावी, तीही दुसऱ्या संगणकावर. ‘यशस्वी’ या हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही.

नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत असतील तर एक मेली तरी दुसरी तारते, पण एकीतून पुसलेलं दोन्हींतून जातं. नॅस इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा मोहही टाळावा: जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या ड्राइव्ह बाहेरून कुणीतरी रिकाम्या केल्या, आणि त्यांना २०१५नंतर दुरुस्ती मिळालेलीच नव्हती. महत्त्वाच्या फोटोंची आणखी एक प्रत वायर काढून ठेवलेल्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी, असावी. बॅकअप कूटबद्ध केला असेल तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवावा. तो फक्त त्याच लॅपटॉपमध्ये जपलेला असेल, तर लॅपटॉप गेल्यावर बॅकअप समोर असूनही उघडता येणार नाही.