बॅटरीच्या पोटात डोकावणारा प्रकाश

वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावात वीज गेली, की मगरिबनंतरचा मुलांचा अभ्यास बॅटरीच्या दिव्यावर चालतो. काही वर्षांत बॅटरी थकते. तिच्या आत नेमके काय बिघडले, हे आपल्याला कळत नाही. शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडतो. लिथियमची बॅटरी फोडून पाहावी, तर हवा लागताच आतले पदार्थ बदलतात. म्हणून ते आत प्रकाश सोडतात.

प्रत्येक रेणू आपल्या लयीत थरथरत असतो. लेसरचा प्रकाश त्याच्यावर पडला, की परतणाऱ्या प्रकाशातील थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो. त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. १९२८ साली सर सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात लावलेला शोध तो हाच.

लिथियम-ऑक्सिजन बॅटरीत या प्रकाशाने मोठे काम केले आहे. ही बॅटरी जणू श्वास घेते. वापरताना लिथियम ऑक्सिजनला मिळून लिथियम पेरॉक्साइड बनते आणि चार्ज करताना दोन्ही पुन्हा वेगळे होतात. कागदावरच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनात ती आजच्या लिथियम-आयन बॅटरीच्या कितीतरी पट ऊर्जा साठवू शकते. १९९६ मध्ये के. एम. अब्राहम आणि जियांग यांनी अमेरिकेत ती करून दाखवली. आत पेरॉक्साइडच तयार झाले, याची साक्ष रामन वर्णपटाने दिली.

पण २०११ मध्ये वेगळेच उघडकीस आले. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बोनेट द्रावणाचेच आत विघटन होत होते. वरून बॅटरी चार्ज होताना दिसे, आत मात्र ती झिजत होती.

पुढचा धागा पुण्यापर्यंत येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी करून डॉ. मुहम्मद मुस्तफा ओट्टकम थोटियिल स्कॉटलंडला प्रा. पीटर ब्रूस यांच्याकडे गेले. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडसाठी जड समस्थानिकाचा, म्हणजे ‘खूण केलेला’, कार्बन वापरला. साडेतीन व्होल्टच्या वर चार्ज करताना हा कार्बन स्वतःच कुजतो, हे त्यावरून सिद्ध झाले. त्याच वर्षी कार्बनऐवजी टायटॅनियम कार्बाइड वापरून त्यांनी शंभर फेऱ्यांनंतरही ९८ टक्क्यांहून अधिक क्षमता टिकवली. पुढे ते पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक झाले.

ही बॅटरी अजून बाजारात आलेली नाही. टिकाऊपणाचे कोडे बाकी आहे. हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास करताना इब्नुल हैसम यांनीही ऐकीव मतापेक्षा प्रयोगाची साक्ष मोठी मानली होती. इल्मची ही वाट आपलीच आहे. आपल्या घरातील मुलगी किंवा मुलगा बारावीत रसायनशास्त्र घेऊन बसला असेल, तर हे कोडे त्यांच्यासाठीही खुले आहे, एवढे त्यांना जरूर सांगू या.