‘आम्ही सगळ्यात वाईट!’ : हरणाऱ्या संघाचे चाहते टिकतात कसे?

गेल्या शनिवारी आमच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर 45-3 असा हरला. सलग सहावी हार. तिसरा क्वार्टर संपेपर्यंत विद्यार्थ्यांचा स्टँड जवळजवळ रिकामा झाला होता. पाऊस सुरू होता. मी पण निघणार होते, पण शेजारच्या खुर्चीतले आजोबा रेनकोटची टोपी ओढून ढिम्म बसले होते. विद्यार्थी असल्यापासून त्यांच्याकडे सीझन तिकीट आहे म्हणे. मी विचारलं, “तुम्ही थांबणार?” ते म्हणाले, “म्हणजे काय? अजून संपलंय कुठे! आणि पुढच्या आठवड्यात वुई विल गेट देम.”

त्यातला ‘वुई’ माझ्या डोक्यात अडकला. माझ्या विषयातलं एक फार गाजलेलं संशोधन नेमकं याच शब्दावर उभं आहे. आणि त्या संशोधनाप्रमाणे बघायला गेलं तर आजोबांनी तो शब्द तिथे वापरायलाच नको होता!

आधी थोडी पार्श्वभूमी. इथलं फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. अंड्यासारखा चेंडू, हेल्मेट, ढकलाढकली, ते. कॉलेज फुटबॉल म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असं समजलात तर चुकाल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांहून जास्त लोक बसतात. नेहमीच्या सीझनमध्ये सामने मात्र साधारण 12च. त्यामुळे एकेक हार जड जाते. शिवाय इथे खालच्या गटात घसरण्याची भानगड नाही. कमकुवत संघ दरवर्षी त्याच दांडग्यांकडून मार खात राहू शकतो, वर्षानुवर्षं. मग त्याचे चाहते काय करतात?

सोमवारचे टी-शर्ट

1973च्या सीझनमध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी एक अगदी साधा अभ्यास केला. सात विद्यापीठांत दर सोमवारी मानसशास्त्राच्या वर्गात किती जणांनी आपल्या विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घातलेत, ते मोजलं. शनिवारी संघ जिंकला असेल, तर सोमवारी असे कपडे जास्त दिसले.

दुसरा भाग मला जास्त आवडतो. विद्यार्थ्यांना फोन करून काही प्रश्न विचारले. उत्तरं कशीही असोत, काहींना सांगितलं ‘छान जमलं तुम्हाला’ आणि काहींना ‘तुमचा निकाल वाईट आहे’. मग सहज विचारल्यासारखं करून विद्यापीठाच्या एका सामन्यात काय झालं ते सांगायला लावलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना लोक ‘वुई’ जास्त वापरत होते, आणि ज्यांना नुकतंच ‘तुम्ही नापास’ असं ऐकवलं होतं त्यांच्यात हा फरक ठळक होता. म्हणजे स्वतःची पत घसरली की माणूस संघाच्या यशाला जाऊन चिकटतो. 1976 साली हा पेपर प्रसिद्ध झाला आणि या वागण्याला नाव पडलं ‘बर्गिंग’, म्हणजे दुसऱ्याच्या तेजात उजळून निघणं.

हे कळायला आपल्याला अमेरिकेत यायची गरज नाही. क्रिकेटचा सामना जिंकला की ‘आपण जिंकलो’, आणि हरला की ‘यांना खेळताच येत नाही’. ‘आपण’चे ‘हे’ व्हायला एक षटक पुरतं.

या उलट्या बाजूचंही नाव आहे, ‘कॉर्फिंग’: अपयशापासून अंग काढून घेणं. 1986 साली स्नायडर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे गट केले. ‘तुमचा गट नापास झाला’ असं सांगितल्यावर गटाचा बिल्ला घ्यायला आणि लावायला लोक टाळाटाळ करू लागले.

आता या दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या, तर सतत हरणाऱ्या संघाला चाहताच उरायला नको. पण उरतो. पावसात बसतो.

न जाणारे लोक

1990 साली डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी चाहत्यांचे सरसकट आकडे न घेता, संघाशी नातं किती घट्ट आहे त्याप्रमाणे त्यांना वेगळं केलं. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वारा येईल तशी पाठ फिरवणारे बहुतेक सैल नात्याचे असतात. ज्यांच्यासाठी संघ हा स्वतःच्या ओळखीचा भाग आहे, ते हारीनंतरही अंग काढून घेत नाहीत. बरोबरच आहे म्हणा. टी-शर्ट काढता येतो, आडनाव कसं काढणार?

पण या निष्ठेची किंमत पडते. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1992 साली इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल चाहत्यांवर केलेला अभ्यास बघा. सामना दाखवल्यावर त्यांना विचारलं की काही कामं तुम्हाला स्वतःला कितपत जमतील: छोट्या बास्केटमध्ये चेंडू टाकणं, शब्दकोडी सोडवणं, आणि चक्क एखाद्या व्यक्तीला डेटसाठी विचारून होकार मिळवणं. संघ हरला असेल तर पक्क्या चाहत्यांनी स्वतःबद्दलचे अंदाजही खाली आणले. हरले खेळाडू, आणि शब्दकोडं जमणार नाही असं वाटलं प्रेक्षकाला!

याची एक काळी बाजूही आहे. ती टाळून ‘निष्ठा किती सुंदर’ असं लिहिणं मला पटत नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली व्यावसायिक फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडच्या घरगुती हिंसेच्या नोंदी एकत्र तपासल्या. घरचा संघ जिंकणार अशी सट्टाबाजाराची खात्री असताना तो हरला, तर पुरुषांनी घरात बायको किंवा जोडीदारावर केलेल्या हिंसेच्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. सामना अटीतटीचा होणार हे आधीच माहीत असेल, तर तिथल्या हारीनंतर अशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या हारीचा नाही. अपेक्षा आणि निकाल यांच्यात जी दरी पडते, तिचा आहे.

हे वाचल्यावर मला आजोबा थोडे समजले. 45-3 ही हार त्यांच्यासाठी धक्का नव्हतीच. पण ‘अपेक्षाच ठेवली नाही म्हणून दुखलं नाही’ एवढंच असेल, तर ते घरी सोफ्यावर बसले असते. पैसे देऊन भिजायला का आले?

हारीतून तयार झालेले ‘आम्ही’

इथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची गोष्ट सांगायलाच हवी. शिकागोजवळचं, अभ्यासासाठी नावाजलेलं विद्यापीठ. त्यांचा फुटबॉल संघ 1979 ते 1982 या काळात सलग 34 सामने हरला. 1980 आणि 1981 हे दोन्ही सीझन प्रत्येकी 11 सामने, 11 हारी. नोव्हेंबर 1981 मध्ये मिशिगन स्टेटने त्यांना 61-14 धुतलं. ही सलग 29वी हार, मोठ्या संघांमधला तेव्हाचा नवा विक्रम. विद्यार्थ्यांनी काय करावं? मैदानात धावत जाऊन गोलपोस्ट उखडले आणि घोषणा दिल्या: ‘आम्ही सगळ्यात वाईट!’ एरवी गोलपोस्ट उखडतात ते मोठ्या विजयानंतर.

चाल्डिनींच्या हिशोबात हे बसत नाही. हार मोठी, तरी ‘वुई’ शाबूत. 2004 साली कॅम्पबेल, एकेन आणि केंट यांनी अशा वागण्याला नाव सुचवलं, ‘बर्फिंग’. (मला पण मिठाईच आठवली.) म्हणजे अपयशाच्याच सावलीत अभिमानाने बसणं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही जातं. हरणाऱ्यासोबत राहणं ही मात्र स्वतःबद्दल काहीतरी सांगणारी गोष्ट होते. मी निष्ठावान आहे, मी गर्दीबरोबर पळणारा नाही, आणि माझ्या बाजूला बसलेला पण तसाच आहे.

दुसरं उदाहरण टेक्सासचं. प्रेअरी व्ह्यू हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. 1989 ते 1998 मध्ये त्यांचा संघ सलग 80 सामने हरला. त्यातली कित्येक वर्षं खेळाडूंना द्यायला शिष्यवृत्त्याही नव्हत्या. पण तिथला बँड, ‘मार्चिंग स्टॉर्म’, जोरदार. आणि अशा विद्यापीठांत मध्यंतरातला बँड बघणं हे सामना बघण्याइतकंच महत्त्वाचं असतं. म्हणजे शनिवार हा नुसता निकालासाठी नसतोच. जुने मित्र, पार्किंगमध्ये लावलेली शेगडी, बँड, आणि त्यात एक फुटबॉलचा सामना. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. आपला पैलवान हरला म्हणून पुढच्या वर्षी जत्रेला जायचं कुणी थांबतं का?

वॉन यांनी पुढची अनेक वर्षं हेच तपासलं. त्यांना आढळलं की स्थानिक संघाशी घट्ट नातं असणाऱ्यांमध्ये एकटेपणा कमी दिसतो, आणि हा फायदा संघाच्या जिंकण्यावर अवलंबून असेलच असं नाही. तो मिळतो तो आजूबाजूला त्याच संघाची माणसं असण्यातून. म्हणून दूरच्या शहरातल्या संघाचं चाहतेपण तेवढं कामाला येत नाही. अर्थात, हा बऱ्याच अंशी परस्परसंबंध आहे. एकटेपणामुळे काही लोक स्टेडियमपर्यंत पोचतच नसतील, हेही शक्य आहे.

एक कमी गोड स्पष्टीकरणही आहे. 1959 साली ॲरन्सन आणि मिल्स यांनी दाखवलं की एखाद्या गटात शिरायला जास्त त्रास सोसावा लागला, तर तो गट कंटाळवाणा असला तरी आपल्याला जास्त आवडतो. ‘एवढं सोसलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच’ अशी मन स्वतःची समजूत काढतं. पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असताना हा पेपर वाचू नये.

मग शेवट गोड होतो का?

नॉर्थवेस्टर्नचा झाला. सप्टेंबर 1982 मध्ये त्यांनी नॉर्दर्न इलिनॉयला 31-6 हरवून ती मालिका तोडली, आणि 1995च्या सीझनमध्ये बिग टेन ही आपली लीग जिंकून थेट रोझ बोल गाठला. प्रेअरी व्ह्यूने 1998 मध्ये लँगस्टनला 14-12 हरवलं. पण अशा गोष्टी सांगताना एक चूक होते. ज्यांचा शेवट गोड झाला तेच संघ आपल्या लक्षात राहतात, आणि मग वाटतं की निष्ठेचं फळ मिळतंच. मिळेलच असं काही नाही. वरच्या संशोधनातून मला कळलं ते एवढंच, की टिकून राहणाऱ्यांचा हिशोब फळावर चाललेला नसतो. त्यांचा ‘वुई’ स्कोअरबोर्डला बांधलेला नसतो, शेजारच्या खुर्चीला बांधलेला असतो.

मराठीत ‘वुई’ला दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. नॉर्थवेस्टर्नची पोरं ओरडली ते ‘आम्ही’, समोरच्या संघाला ऐकवायला. आजोबांच्या वाक्यात नेमका कुठला होता, ते इंग्रजीत कळायला मार्ग नाही. पण सामना संपल्यावर त्यांनी थर्मासमधली उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली आणि पुढच्या शनिवारी थोडं लवकर ये, पार्किंगमध्ये शेगडी लावतो, असं सांगितलं. जाणार आहे. रेनकोट मात्र घ्यायला हवा.