पोटातील बिऱ्हाडे

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात; त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरात बाळ जन्माला आले, की सांगलीहून किंवा साताऱ्याहून आजी येते आणि काही महिने तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात. बाळाला दात यायचे असतात, आईचे सारे दात शाबूत असतात आणि आजीने कवळी लावलेली असते. हा फरक डोळ्यांना दिसतो. तिघांच्या पोटात जो फरक असतो, तो मात्र दिसत नाही.

मनुष्याच्या त्वचेवर, तोंडात आणि विशेषतः मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्मजीव वस्ती करून असतात. त्यांत जिवाणूंचा भरणा सर्वांत अधिक. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार सुमारे ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषाच्या शरीरात अदमासे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात. घरमालकापेक्षा बिऱ्हाडकरूच अधिक, असा हा प्रकार आहे. या सर्वांचे मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास भरते.

हे बिऱ्हाडकरू फुकट राहत नाहीत. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील चोथा माणसाला पचवता येत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला, की जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. काही जिवाणू जीवनसत्त्वे तयार करतात. शिवाय जागा आधीच भरलेली असल्याने रोगकारक जंतूंना तेथे सहजासहजी शिरकाव मिळत नाही.

बाळाच्या पोटात ही वस्ती येते कोठून? १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने नवजात बालकांच्या विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. जन्मानंतरच्या पहिल्या काळसर विष्ठेत त्याला जिवाणू आढळले नाहीत. पण काही तासांतच ते दिसू लागले. जन्माच्या वेळी आईच्या शरीरातून, नंतर तिच्या त्वचेवरून, दुधातून आणि घरातील माणसांच्या हातांतून ते बाळाकडे येतात. नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या बाळाला पहिले जिवाणू आईच्या जननमार्गातून मिळतात. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळाचे पहिले जिवाणू त्वचेवरील जिवाणूंशी अधिक मिळतेजुळते असतात. हा फरक पुढे हळूहळू कमी होत जातो.

आईच्या दुधाची गोष्ट तर विलक्षणच म्हणावी लागेल. त्यात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या दुधात कशासाठी घातल्या? त्या बाळासाठी नसून बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंसाठी असतात. आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत हे जिवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आढळले होते. त्यांचे अन्न कोणते, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

उष्टावण झाले, की पोटातील चित्र पालटते. मऊ भात, वरण, नाचणीची पेज पोटात जाऊ लागते आणि ते पचवणारे नवे जिवाणू वस्तीला येतात. दूध तुटल्यावर बायफिडोबॅक्टेरियांचे वर्चस्व ओसरते. मलावी, व्हेनेझुएला आणि अमेरिका या तीन देशांतील ५३१ जणांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही देशांतील अन्न अगदी वेगळे. तरीही साधारण तीन वर्षांच्या वयापर्यंत मुलांची सूक्ष्मजीवसृष्टी प्रौढांसारखी होते, असे तिन्हीकडे दिसले. पुढे वयात येताना त्वचेचा तेलकटपणा वाढतो व तेलावर जगणारे जिवाणू चेहऱ्यावर फोफावतात. मुरुमांशी त्यांचा संबंध असतो. प्रौढपणी आतड्यातील वस्ती पुष्कळशी स्थिर राहते. प्रतिजैविके घेतली किंवा आहार एकदम बदलला, तर ती हलते आणि बहुधा पुन्हा सावरते.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे. म्हातारपणी ही वस्ती बदलते, ती वयामुळे की अन्य कशामुळे? समजा, आजी सांगलीलाच राहिली आणि नातवंड एचएसआर लेआउटमध्ये वाढले. दोघांचे पाणी वेगळे, भाजीपाला वेगळा, जेवणाच्या वेळा वेगळ्या. त्यांच्या जिवाणूंत फरक आढळला, तर त्याचा दोष वयाला द्यावा की गावाला, हे सांगता येणार नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी युक्ती योजली, ती अस्सल भारतीय म्हणावी अशी आहे. त्यांनी एकत्र कुटुंबाचा आधार घेतला. परस्परांशी नाते नसलेली दोन निरोगी एकत्र कुटुंबे त्यांनी निवडली. प्रत्येक कुटुंबात तीन पिढ्या एकाच छपराखाली राहत होत्या. चूल एक, पाणी एक, राहणी एक आणि रक्ताचे नातेही. म्हणजे उरलेला मोठा फरक वयाचा. परदेशांत अशी घरे शोधावी लागतात. आपल्याकडे ती अजून सहज सापडतात.

घरातील व्यक्तींच्या विष्ठेचे नमुने घेण्यात आले. आतड्यातील बहुसंख्य जिवाणूंना हवेतील प्राणवायू सोसत नाही, तो लागताच ते मरतात; म्हणून प्राणवायू वगळून त्यांची वाढ करावी लागते. ज्यांची अशी वाढ करता येत नाही, ते जिवाणू त्यांच्या डीएनएवरून ओळखले जातात. या दोन्ही मार्गांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका घरात, एका चुलीवरचे अन्न खाणाऱ्या माणसांच्या जिवाणूंतही व्यक्तीगणिक ठळक भिन्नता होती. आणि फर्मिक्यूट्स व बॅक्टेरॉइडीट्स या आतड्यातील दोन मोठ्या गटांचे परस्पर प्रमाण वयानुसार बदलत होते. अभ्यासातील माणसे फार थोडी होती. त्यावरून साऱ्या देशाविषयी निर्णय देता येत नाही. पण प्रश्न कसा विचारावा, याचा हा उत्तम नमुना आहे.

म्हातारपण आणि आतडी यांचा संबंध जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न एल्ये मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. आतड्यात कुजणाऱ्या अन्नाच्या विषाने माणूस म्हातारा होतो आणि आंबट दूध घेतल्याने ते टळते, असे त्यांचे मत होते. ते या रूपात टिकले नाही. दह्यातील बहुतेक जिवाणू आतड्यात बिऱ्हाड थाटत नाहीत. पाहुण्यासारखे येतात आणि जातात. दही पौष्टिक आहे, ही गोष्ट वेगळी.

वृद्धांविषयीची अधिक भरीव माहिती आयर्लंडमधून मिळाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात १७८ वृद्धांची तपासणी करण्यात आली. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे विविध प्रकार होते. दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यात ती विविधता कमी झाली होती आणि त्यांची प्रकृतीही अधिक नाजूक होती. वय साधारण सारखेच, मग फरक कशाचा? ताटातील पदार्थांचा. शुश्रूषागृहातील जेवणात भाज्या, फळे आणि चोथा कमी होता. तेथे गेल्यावर आधी आहार बदलतो आणि जिवाणू त्यामागून बदलतात, असेही दिसून आले. अर्थात अशक्त माणसेच शुश्रूषागृहात जातात आणि त्यांना औषधेही अधिक दिली जातात; त्यामुळे सारे खापर जेवणावर फोडता येणार नाही. म्हणून पुढे युरोपातील पाच देशांत ६५ ते ७९ वर्षे वयाच्या ६१२ जणांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींनी वर्षभर भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व ऑलिव्हचे तेल यांवर भर देणारा आहार घेतला. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी हा आहार नेटाने पाळला, त्यांच्यात उपयुक्त जिवाणू टिकून राहिले आणि अशक्तपणाची काही लक्षणे कमी आढळली.

महाराष्ट्रातील घरांत म्हातारपणी जेवण कसे आक्रसत जाते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. दात पडले, की प्रथम भाकरी सुटते, मग उसळ, मग पालेभाजी. शेवटी मऊ भात आणि चहाबरोबर बिस्किटे एवढेच उरते. ‘आता या वयात काय खायचे’ असे घरातली माणसेही म्हणतात. भाकरी आमटीत कुस्करता येते, मटकी गाळ शिजवता येते, पालेभाजीत डाळ घालून ती घोटता येते; चोथा त्याने नाहीसा होत नाही. सवय सुटलेली असेल, तर तो एकदम न देता थोडाथोडा वाढवावा लागतो, नाहीतर पोट फुगते. कवळी टोचत असेल, तर ती दंतवैद्याकडून नीट बसवून घेणे हेही पोटाचेच काम आहे.