काळ्या पाषाणाच्या खालीं



घरांतील जातें, शाळकरी मुलाची दगडी पाटी, ओसरीवरची शहाबादी फरशी आणि देव्हाऱ्यांतील संगमरवरी मूर्ति ह्या साऱ्यांना आपण दगड ह्या एकाच नांवानें ओळखतों. फार तर काळा आणि पांढरा, कठीण आणि मऊ, एवढा भेद करतों. पाथरवटाला ही वाटणी पुरते. भूशास्त्रज्ञ मात्र दगडाचा रंग पाहून थांबत नाहीं; तो त्याचें कुळ विचारतो. हा खडक कोणत्या रीतीनें जन्मास आला, हा त्याचा पहिला प्रश्न. ही चौकशी नुसती विद्वानांची हौस नव्हे, हें महाराष्ट्राला एकदां फार दुःखद रीतीनें कळून आलें आहे.

१९९३ सालच्या अनंत चतुर्दशीची रात्र सरत असतां, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचीं मातीचीं धाबीं कोसळून हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. १९६७ सालीं कोयनेला धक्का बसला होता खरा. तरी मराठवाड्याकडचें हें पठार अचल आहे, असाच समज होता. मग ह्या काळ्या पाषाणाच्या खालीं आहे तरी काय? तें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं तेथें ६०० मीटरांहून खोल छिद्र घेतलें व खडकाच्या कांड्या वर काढल्या. त्या एका छिद्रांत खडकांचीं तिन्ही कुळें एकाखालीं एक सांपडलीं.

वरचे सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. हा अग्निजन्य खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडून शिलारस वाहिला, थिजला, आणि त्यावर पुनः पुनः वाहिला. सह्याद्रीच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या ह्या त्या थरांच्याच. साखरेचा पाक घाईनें निवविला तर बारीक कण पडतात, सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे होतात. शिलारसाचेंहि तसेंच आहे. उघड्यावर आलेला रस लौकर निवतो, म्हणून बेसाल्टचे कण बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. भूगर्भांतच अडकून दीर्घकाळ निवत राहिलेल्या ग्रॅनाइटांतले स्फटिक मात्र लांबूनहि ओळखूं येतात. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात व मागाहून त्यांत पांढरीं खनिजें भरतात. अशा ठिपकेदार खडकाला आपले विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. कोणत्याहि शास्त्रीय संज्ञेपेक्षां मला हें नांव अधिक बोलकें वाटतें.

बेसाल्ट संपतांच अवघ्या आठेक मीटरांचा गाळाचा थर लागला. हें दुसरें कुळ, जलजन्य किंवा स्तरित खडकांचें. ऊन, पाऊस आणि वारा जुन्या खडकाचा चुरा करतात, नदी तो वाहून नेते, सखल जागीं थरांवर थर सांचतात आणि वरच्या भारानें व खनिजांच्या सांध्यानें त्यांचा दगड बनतो. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल. आपली शहाबादी फरशी चुनखडकाची. ती इतकी सरळ सुटते, ह्याचें कारण ती मुळांत थराथरांनींच रचली गेली आहे. कोंकणांतला जांभा मात्र ह्या वाटणीला जुमानीत नाहीं. तो वाहून आलेला नव्हे, जागच्या जागीं पावसानें खडक कुजून, लोह व ॲल्युमिनियम मागें राहून झालेला. त्याला कोणत्या रांगेंत बसवावें, हा पेंच आहेच.

छिद्राच्या तळाशीं होता तिसऱ्या कुळाचा, रूपांतरित खडक. वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक. खोल पुरलेला खडक उष्णतेनें व दाबानें, न वितळतांच, अंतर्बाह्य पालटतो. शेलची पाटी होते, चुनखडकाचा संगमरवर. किल्लारीचा हा तळखडक अशा अवस्थेंतला आहे, कीं जी कित्येक किलोमीटर खोलींवरच प्राप्त होते. आणि त्याच्या माथ्यावर तर नदीनाल्यांचा गाळ पसरलेला! म्हणजे शिलारस येण्यापूर्वींच त्याच्यावरचे कित्येक किलोमीटर खडक झिजून वाहून गेले होते आणि तो उघडा पडला होता.

त्या पहाटे जें तुटलें तें बेसाल्टमध्यें नव्हे. भूकंपाचें केंद्र त्याच्या पुष्कळ खालीं, कांहीं किलोमीटर खोल, ह्या जुन्या तळखडकांत होतें. ज्याच्या भरंवशावर आपण पठाराला अचल म्हणत होतों, तो काळा पाषाण तेथें पाव मैलाहूनहि कमी जाडीचें पांघरूण होता.